दोन हात भिंत

यंदाच्या जानेवारीतली गोष्ट. मोडनिंबच्या घरी फायबरचं इंटरनेट घ्यायचं ठरलं. "सुट्टी न्हाई, सुट्टी न्हाई करतोस, मग हितंच बसून काम कर की," हा आईचा युक्तिवाद मी चार वर्षं टाळत होतो, शेवटी हरलो. (मोडनिंब माहीत नसलेल्यांसाठी: पुण्याहून सोलापूरला जाताना टेंभुर्णी गेलं की लागतं. तालुका माढा. रेल्वेने कुर्डुवाडीहून पंढरपूरला गेला असाल तर स्टेशनची पाटी वाचली असेल, उतरला मात्र नसाल.)

केबल टाकणारा पोरगा आला, विशीतला. वायर सोप्यातून माजघरात न्यायची होती. त्याने भिंतीवर हात फिरवला आणि विचारलं, "मावशी, भिंत केवढी जाड हाय?"

"दोन हात," आई म्हणाली. ज्या सुरात पुण्यातल्या बायका "मुलगा अमेरिकेत असतो" म्हणतात, त्या सुरात.

हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, साधारण दीड फूट. म्हणजे तीन फूट दगडी भिंत. पोराने पिशवीतलं सगळ्यात लांब बिट काढलं, दगड टाळून दरजेत लावलं आणि मशीन सुरू केलं. बराच वेळ नुसता आवाज आणि धूळ. फूटभर आत गेल्यावर आवाज एकदम बदलला आणि बिट भसकन मुठीपर्यंत आत गेलं. पोरगा भिंतीवर आपटता आपटता वाचला. बिट बाहेर ओढलं तर मागोमाग सुकी माती यायला लागली, पोत्याला भोक पडल्यावर ज्वारी येते तशी. माती, खडे, दगडाच्या चिपा, उंदराने कधीकाळी नेलेल्या चिंध्या.

"सर, भिंत आतनं पोकळ हाय."

"पोकळ कशी असेल? दोन हात भिंत आहे ती!"

हे वाक्य माझं. समोर माती पडताना दिसतेय, तरी माझं.

मग त्याने लोखंडी सळई हातानेच आत सारली. मधला फूटभर भाग ती विनातक्रार गेली, पलीकडे पुन्हा दगड लागला. थोडक्यात, आमची दोन हात भिंत म्हणजे फूट-फूट जाडीच्या दोन वेगळ्या भिंती होत्या. एकमेकींकडे पाठ करून उभ्या, आणि मधे भरलेली माती.

इथे थोडं थांबून सांगायला हवं, की "दोन हात भिंत" ही आमच्या घरात नुसती माहिती नव्हती. ते आडनावासारखं होतं. घर माळवदाचं. म्हणजे दगडी भिंती, आत लाकडी खांब आणि तुळया, त्यावर किलचणाच्या फळ्या आणि वर मातीचा जाड थर. सोलापूर, धाराशिव, लातूरकडे अशी घरं गावोगाव आहेत. उन्हाळ्यात बाहेर त्रेचाळीस असताना आत दुपारी झोप लागते. माझे आजोबा, आबा, कुणी पाहुणा आला की आधी भिंत दाखवायचे, मग चहा सांगायचे. "तोफ लावली तरी हलायची न्हाई." मोडनिंबवर तोफ कोण आणि कशाला लावणार हा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही. आत्याचं लग्न ठरलं तेव्हा मुलाकडच्यांना जमीन किती हे नंतर सांगितलं गेलं, भिंत आधी.

हे झालं घरचं ज्ञान. शाळेतलं ज्ञान त्याला पूरक होतं. दख्खनचं पठार म्हणजे लाव्ह्याचे थर साचून झालेला प्राचीन, कठीण आणि स्थिर भूभाग. भूकंप हिमालयाच्या पायथ्याशी होतात, जपानमध्ये होतात. आपल्याकडे नाही. भूगोलाच्या सरांनी हे इतक्या ठामपणे शिकवलं होतं की मला हिमालयाकडच्या लोकांची दया यायची.

मग १९९३ चा सप्टेंबर आला. मी सातवीत होतो. २९ तारखेला अनंत चतुर्दशी. गणपती पोचवून, खिरापत खाऊन आम्ही उशिरा झोपलो. पहाटे चारच्या सुमारास आईने हलवून उठवलं असं मला वाटलं, पण आई स्वतःच उठून बसली होती. देवळीतला तांब्या खाली पडला. तुळया करकरल्या. छतातून माती अंगावर झडली. आई म्हणाली, "मालगाडी आली वाटतं." पण तेव्हा आमच्याकडे बार्शी लाईटची ती छोटी लाईन होती, तिच्यावरून गेलेल्या कुठल्याही गाडीने आजवर आमचा कपसुद्धा हलवला नव्हता. आबा अंथरुणातूनच ओरडले, "बाहेर कशापायी पळताय? दोन हात भिंत हाय!" अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, आयुष्यात पहिल्यांदा आबांचं ऐकलं नाही. आम्हाला दंडाला धरून अंगणात काढलं.

आमच्याकडे एवढंच झालं. तांब्याला पोचा आला. सव्वाशे किलोमीटर पूर्वेला, लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात किल्लारी नावाचं गाव आहे हे आम्हाला दुसऱ्या दिवशी रेडिओवर कळलं.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छपन्न मिनिटं. तेव्हा पेपरांत ६.४ रिश्टर असं आलं होतं, नंतरच्या मोजणीत ६.२ मानतात. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूच्या गावांत मिळून आठ ते दहा हजार माणसं गेली. पुढे बावन्न गावं उचलून दुसऱ्या जागी वसवावी लागली. साडेतीन महिन्यांनी, १९९४ च्या जानेवारीत, अमेरिकेत लॉस एंजलिसजवळ नॉर्थरिजला ६.७ चा, म्हणजे याहून मोठा भूकंप झाला. भरवस्तीत. तिथे मृतांचा आकडा साठच्या आसपास होता. हा फरक जमिनीचा नाही. घरांचा आहे.

किल्लारीची घरं कशी होती? आमच्यासारखीच. तीच माळवदं. दोन-दोन, अडीच-अडीच फुटांच्या दगडी भिंती, मातीत रचलेल्या, मधे भराव. आणि डोक्यावर माती. दरवर्षी पावसाळ्याआधी माळवद गळू नये म्हणून वर पांढऱ्या मातीचा नवा थर द्यायचा, ही आपल्याकडची रीत. जुना थर कुणी काढत नाही. (आमच्या धंद्यातही नाही काढत. पॅचवर पॅच, वीस वर्षांनी कुणालाच माहीत नसतं खाली काय आहे.) त्यामुळे छत दरसाल थोडं जड होतं. मी मागे एकदा हिशोब केला होता: दहा बाय वीस फुटांची खोली, वर दीड फूट माती, तर तेरा-चौदा टन होतात. उसाने भरलेला ट्रक डोक्यावर उभा करून आपण खाली झोपतो.

भूकंपात जड वस्तूचं काय होतं ते एसटीत उभं राहिलेल्या कुणालाही कळेल. गाडी एकदम सुटली की पाय गाडीबरोबर पुढे जातात आणि वरचं धड मागेच राहू बघतं. जितकं वजन जास्त तितका हिसका मोठा. जमीन भिंतीचा पाया घेऊन सरकते, वरचा माल जागचा हलायला तयार नसतो, आणि मधल्या भिंतीच्या दोन सुट्या पाठी एकमेकींपासून फाकतात. बाहेरची बाहेर पडते, आतली आत. मग छत.

सगळ्यात क्रूर भाग हा की किल्लारीत कुडाच्या, पत्र्याच्या, गवताने शाकारलेल्या झोपड्यांतली कितीतरी माणसं वाचली. गावाच्या कडेला राहणारी, ज्यांच्याकडे वाडा बांधायला पैसा नव्हता ती. ज्यांच्या भिंती सगळ्यात रुंद, ते सगळ्यात खोल गाडले गेले. गावात पत आणि सुरक्षितता दोन्ही ज्या एका मापाने मोजली जात होती, ते माप उलटं निघालं.

शाळेत आम्ही जुने कपडे आणि धान्य गोळा करून पाठवलं. महिनाभराने सहामाही परीक्षा होती. मी सरांना विचारलं, पुस्तकात तर स्थिर भूभाग लिहिलंय. सर जरा गप्प बसले आणि म्हणाले, "परीक्षेत पुस्तकातलंच लिहायचं." मी लिहिलं. पूर्ण मार्क मिळाले.

सरांवर राग नाही. कारण पुढे वाचत गेलो तसं लक्षात आलं की सरांपेक्षा फार मोठ्या लोकांनीही तेच केलं होतं. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनानगरला ६.३ च्या आसपासचा भूकंप झाला होता. पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. म्हणजे "पठारावर भूकंप होत नाहीत" हे विधान त्या पहाटेच खोटं ठरलं होतं. पण झालं काय, तर कोयनेला कारण सापडलं: धरण. १९६२ पासून शिवसागर भरायला लागला, पाण्याच्या भाराने आणि खोल झिरपणाऱ्या पाण्याने भेगा सरकल्या. हे कारण चुकीचं नाही, जगभर आजही कोयनेचं उदाहरण त्यासाठीच देतात. फक्त त्याचा एक दुष्परिणाम झाला. मूळ नियम वाचला. "पठार स्थिर आहे, कोयना सोडून." आम्ही प्रोग्रॅमर लोक याला एक्सेप्शन टाकणं म्हणतो. कोड चुकला की तो पुन्हा लिहायच्या ऐवजी वर एक ओळ टाकायची: अमुक केस आली तर तिला वेगळं वागव. बग बंद. शुक्रवारी सगळे खूश होऊन घरी.

आणि हे नुसतं शाळेच्या पुस्तकात नव्हतं. भूकंपासाठी देशाचे विभाग पाडणारं जे सरकारी प्रमाणक आहे, आयएस १८९३, त्याच्या सुरुवातीच्या १९६० च्या दशकातल्या नकाशात चक्क "शून्य" नावाचा विभाग होता. धोका शून्य. कोयनेनंतर १९७० च्या आवृत्तीत शून्य काढून टाकलं, सगळ्यात खालचा विभाग एक झाला. किल्लारी १९९३ मध्ये त्या एकमध्ये होती. २००२ च्या आवृत्तीत एक नंबरच रद्द केला, किल्लारी तीनमध्ये गेली. पुणे, मुंबई, सोलापूर याही तेव्हा तीनमध्येच होत्या. दर वेळी नकाशा आधी बदलला नाही, माणसं मेल्यावर बदलला. मला यात कुणाला शिव्या द्यायच्या नाहीत, कारण दुसरा उपाय काय होता हेही सांगता येत नाही. भारताचा सगळा तुकडा वर्षाला पाचेक सेंटिमीटर उत्तरेला सरकतोय, त्याचा ताण पठाराच्या पोटातल्या जुन्या भेगांवरही येतो, पण एकेका भेगेची पाळी हजारो वर्षांनी येते. किल्लारीला नंतर बोअर मारले तेव्हा ३३८ मीटर काळ्या दगडाखाली जुना ग्रॅनाइट लागला. वरून बघून कुणाला काय कळणार.

एक गोष्ट मात्र टोचते. १९९२ च्या शेवटी किल्लारीत शंभरच्या आसपास लहान धक्के बसले होते. लोक घाबरून बाहेर झोपले. मग धक्के थांबले, लोक आत गेले. आम्हीसुद्धा १९९३ मध्ये दीड महिना अंगणात झोपलो आणि थंडी पडल्यावर आत गेलो. आबा म्हणाले, "मी सांगत होतो." घर शंभर वर्षं उभं होतं हा त्यांचा पुरावा होता, आणि तो खोटा नव्हता. पण शंभर वर्षांत त्या भिंतीने ऊन, पाऊस, दुष्काळ आणि भाऊबंदकी एवढ्याच परीक्षा दिल्या होत्या. जी परीक्षा कधी झालीच नाही तिच्यात आपण पास आहोत असं आम्ही धरून चाललो होतो.

इथवरचं वाचून वाटेल की मी आबांची चूक सांगतोय. नाही. आता माझी सांगतो.

किल्लारीनंतर सातवीतल्या मुलाने एक नवं ज्ञान मिळवलं: दगड-माती मारते, सिमेंट वाचवतं. माळवद वाईट, स्लॅब चांगला. फोटोच तसे होते. नोकरी लागली तसा मी दर दिवाळीला अण्णांच्या मागे लागायचो, "हे पाडा, स्लॅब टाका." अण्णा ऐकायचे नाहीत. दर मे महिन्यात माळवदावर माती टाकायचे. मी पुण्यातून फोनवर चिडायचो. शेवटी २०११ मध्ये मधला मार्ग निघाला. जुन्या घराच्या मागच्या अंगाला, त्याच भिंतीला लागून, एक स्लॅबची खोली बांधली. पैसे माझे, हट्ट माझा. अण्णांनी तिथेच झोपायचं अशी अट घातली. ते झोपले. आठ वर्षं. उन्हाळ्यात ती खोली रात्री दोन वाजेपर्यंत तव्यासारखी तापलेली असायची. "लई उकडतंय रे, माजघरात झोपतो," म्हणायचे, आणि मी किल्लारीचा आकडा सांगायचो. २०१९ मध्ये ते गेले. त्याच खोलीत, वयाने.

तर भिंतीला भोक पडलं त्या रात्री मी (मोबाइलच्या नेटवर, फायबर राहिलंच) वाचायला बसलो. आयआयटी कानपूरच्या प्रा. सी. व्ही. आर. मूर्ती यांनी भूकंप आणि घरं यांवर २००० नंतर छोट्या छोट्या टिपा लिहिल्या आहेत, दोन-दोन पानांच्या, चित्रांसकट. सामान्य माणसाला कळतील अशा. त्यात किल्लारीतलंच एक घर आहे. वीट-दगड रचून बांधलेलं साधं घर, कॉलम वगैरे काही नाही, पण दारं-खिडक्यांच्या वर घराला सगळीकडून वेढणारा काँक्रीटचा सलग पट्टा आहे. लिंटेल बँड. ते घर किल्लारीत उभं राहिलं, फारशी इजा न होता. पेटीला दोरी बांधावी तसा तो पट्टा चारी भिंतींना एकमेकींपासून सुटू देत नाही.

दगडी घरांसाठी वेगळं प्रमाणक आहे, आयएस १३८२८. योगायोग असा की तेही १९९३ सालचंच. त्यात काय म्हटलंय? ओबडधोबड दगडाची भिंत ४५० मिलिमीटरपेक्षा जाड करू नका.

पेक्षा जाड नको! मी तीनदा वाचलं. ४५० मिलिमीटर म्हणजे दीड फूट. म्हणजे बरोबर एक हात. आबा ज्या दुसऱ्या हाताचा तोरा मिरवत होते, तोच नको होता. शिवाय भिंतीच्या दोन्ही पाठींना शिवणारे आरपार लांब दगड ठरावीक अंतरावर घाला: उंचीत दर ६०० मिलिमीटरला, आडव्यात फार तर १.२ मीटरवर. एवढंच. सिमेंट हवं असंही नाही. भिंत जाड असण्यापेक्षा तिच्या दोन बाजू एकमेकींना धरून असणं महत्त्वाचं. हे एखाद्या पाथरवटाला दोनशे वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर त्याने "त्यात काय एवढं" म्हटलं असतं. लांब दगड मिळणं कष्टाचं, घडवणं महाग, आणि भिंत पूर्ण झाल्यावर तो आत आहे की नाही हे मालकाला दिसत नाही. दिसते ती जाडी.

आणि स्लॅब? २६ जानेवारी २००१ ला भुजचा भूकंप झाला तेव्हा दोनशे किलोमीटरहून लांब असलेल्या अहमदाबादेत काँक्रीटच्या बहुमजली इमारती पडल्या. एक-दोन नाही, डझनावारी. त्यातल्या अनेकींना खाली पार्किंगसाठी नुसते खांब होते, भिंती नव्हत्या. हे मी २००१ मध्ये टीव्हीवर पाहिलं होतं. पाहिलं आणि बाजूला ठेवलं, कारण ते माझ्या ज्ञानात बसत नव्हतं. "स्लॅब चांगला, अहमदाबाद सोडून." बरोबर ओळखलंत, एक्सेप्शन टाकलं. माझा पुण्यातला फ्लॅट पाचव्या मजल्यावर आहे. खाली पार्किंग.

फेब्रुवारीत दादाच्या ओळखीतून एक स्ट्रक्चरल इंजिनिअर आले. वयस्कर गृहस्थ, किल्लारीनंतरच्या दुरुस्तीच्या कामांत हिंडलेले. त्यांनी माळवद पाहिलं, खांब ठोकून पाहिले, तुळयांचे सांधे पाहिले. म्हणाले, "लाकूड उत्तम आहे तुमचं. किल्लारीला बऱ्याच ठिकाणी लाकडी सांगाडा उभा होता, भिंती खाली. तुमचं हे सुधारता येईल. माती उतरवा. भिंतीत भोकं पाडून आकडे केलेल्या सळया आणि काँक्रीट भरून दोन्ही बाजू शिवून घ्या. खांब-तुळयांना तिरके टेकू द्या. वरून पट्टा फिरवा."

मग ते मागच्या खोलीत गेले. माझ्या. भिंती सहा इंची विटांच्या, कॉलम नाही, पट्टा नाही, एका बाजूला सगळं शटर (दादाने नंतर तिथे खताची पोती ठेवायला केलं), वर जाड स्लॅब, आणि तो एका बाजूने जुन्या पोकळ भिंतीवर टेकवलेला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

"इथे कोण झोपतं?"

"आता कोणी नाही," आई म्हणाली.

"बरं आहे," ते म्हणाले.

मी बाहेर जाऊन उगाच फोन बघत बसलो.

यावर घरात अर्थातच एकमत नाही. दादा म्हणतो सगळं पाडून नव्याने बांधू, आणि त्याचंही काही चूक नाही, नीट पट्टे आणि नीट सळई घालून बांधलेलं नवं घर कधीही बरं. पण पैसा आणि आई या दोन्ही बाजूंनी ते सध्या अडतं. माझा मावसभाऊ तिसऱ्या टोकाला आहे. त्याला जुनं ते सगळं सोनं वाटतं. त्याने मला तेरच्या तरंगणाऱ्या विटांचा मेसेज पाठवला. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला, गोरोबाकाकांच्या गावाला, जुन्या देवळांच्या विटा इतक्या हलक्या आहेत की पाण्यावर तरंगतात. हे खरं आहे. तेरच्या परिसरातल्या मातीच्या थरांत दीडेक हजार वर्षांपूर्वीच्या मोठ्या भूकंपाच्या खुणा असाव्यात असं काही भूवैज्ञानिकांनी मांडलंय, हेही खरं. पण या दोन्हींना जोडून "आपल्या पूर्वजांना भूकंपरोधक तंत्र माहीत होतं" हे मेसेजमधलं वाक्य? त्याला मी पुरावा मागितला. तो म्हणाला, "तुला आपलं काही चांगलं बघवतच नाही." असो. पूर्वजांना माहीत असतं तर आबांना कुणीतरी सांगितलं असतं एवढंच माझं म्हणणं.

मे महिन्यात माती उतरवली. चार माणसं, तीन दिवस. मला वाटलं होतं दोन ट्रॉल्या निघेल, सहा निघाल्या. कापलेल्या कडेला थर दिसत होते, वरचे फिक्कट, खालचे करडे. त्यातले वरचे काही अण्णांनी टाकलेले, मी फोनवर चिडत असताना. माती आईने परसात लिंबाच्या बुडाशी आणि उरलेली शेताच्या बांधाला टाकायला लावली, एक घमेलं वाया जाऊ दिलं नाही. आता फळ्यांवर प्लॅस्टिकचा जाड कागद आणि वर वीतभरापेक्षा कमी माती आहे. भिंत शिवायचं काम दिवाळीनंतर. मागच्या खोलीचा स्लॅब फोडून तिथे पत्रा टाकायचा असं माझं म्हणणं आहे, दादाला ते पटलेलं नाही, पोती भिजतील म्हणतो.

मृगाच्या दुसऱ्या दिवशी रात्री दहाला आईचा फोन आला. मोडनिंबला चांगला पाऊस झाला होता.

"देवघरापाशी दोन ठिकाणी गळतंय. पातेली ठिवल्यात."

"कागद सरकला असेल. रविवारी येऊन बघतो."

"ये. आन तुझ्या त्या इंटरनेटचं बी बघ. मगापासून बंद हाय."